मदत हवी आहे: पासिंगला गाडी नापास, पुढचा डिस्क ब्रेक गरम झाला की धरून बसतो

मंडळी, नमस्कार. मुक्काम बडोदा. गाडी 150 सीसी, सप्टेंबर 2010 ची, पुढे डिस्क, मागे ड्रम. पंधरा वर्षं भरली म्हणून पुढच्या पाच वर्षांसाठी आरसी रिन्यू करायची होती. फॉर्म 25 भरला आणि गाडी दाखवायला नेली. हॉर्न, लाइट, चेसिस नंबर दोन मिनिटांत उरकलं. मग साहेबांनी गाडी डबल स्टँडवर घेऊन मला मागे कॅरियरवर भार द्यायला सांगितला, पुढचं चाक उचललं गेलं आणि त्यांनी ते हाताने फिरवलं. एक फेरासुद्धा पुरा झाला नाही. माझ्याच बाटलीतलं पाणी डिस्कवर ओतलं, तर तव्यावर पडावं तसं चर्रर्र! कागदावर 'फ्रंट ब्रेक' असा शेरा मारून परत पाठवलं. राग नाही, त्यांचं बरोबरच होतं. मी आपला इतके महिने समजत होतो की गाडी म्हातारी झाली म्हणून ओढत नाही.

थोडी पूर्वपीठिका. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या अकोट्याच्या सोसायटीत शिरलं, तेव्हा गाडी दोन दिवस टाकीपर्यंत बुडालेली होती. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं. इंजिन, कार्ब्युरेटर, वायरिंग सगळं करून घेतलं. ब्रेककडे कोणी बघितलं नाही, मीही नाही.

नापास झाल्यावर पहिल्या मेकॅनिकने कॅलिपर (डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा भाग) खोलला. पिस्टन गंजलेला होताच. नवा पिस्टन, नवी सील, नवे पॅड घातले, सगळं पेट्रोलने चकाचक धुवून. दुसऱ्याने डॉट 4 ब्रेक ऑइल बदलून ब्रेकच्या नळीतली हवा काढली. तरी रडगाणं तेच. सकाळी थंड गाडीचं चाक एका बोटाने फिरतं. तीन-चार किलोमीटर सिग्नल खात गेलं की लिव्हर (हा गेल्या दिवाळीत पार्किंगमध्ये गाडी पडून मोडला होता, बाजारातला नवा घातलाय) दगडासारखा कडक होतो, त्याची खेळी (दाबायच्या आधीची मोकळी हालचाल) संपते आणि चाक जड. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सगळं सुरळीत. आता मेकॅनिक म्हणतो, "साहेब, आखी असेंबली बदलवी पडशे." बदलू का? की डिस्क वाकली असेल?

घाटरस्ता: डिस्क वाकली असती तर ब्रेक मारताना लिव्हर बोटाखाली धडधडला असता. तसं होत नसेल तर डिस्कचा नाद सोडा. जाडी मात्र मोजून घ्या, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

जुना_फिटर: असेंबली बदलू नका, निदान आज तरी. तुम्हीच लिहिलंय की थंड असताना चाक एका बोटाने फिरतं. कॅलिपरचा पिस्टन अडकलेला असता तर ब्रेक एकदा दाबून सोडल्यावर थंड गाडीचंही चाक घासलं असतं. तुमचा ब्रेक तापल्यावरच धरतो, म्हणजे ऑइल परत जात नाहीये.

हँडलवर लिव्हरपाशी ब्रेक ऑइलची वाटी असते, तो मास्टर सिलेंडर. त्याच्या वाटीत तळाशी एक अगदी बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. ब्रेक सोडला की मास्टर सिलेंडरमधला पिस्टन मागे येतो आणि ते भोक उघडं पडतं. डिस्क तापली की ऑइल फुगतं, ते याच भोकातून वाटीत परत येतं. भोक झाकलेलं राहिलं तर फुगलेलं ऑइल जाणार कुठे? पॅडला दाबणार. पॅड घासणार, आणखी तापणार, ऑइल आणखी फुगणार. तुमची खेळी संपते ती यामुळेच.

आता भोक झाकतंय कोण, ते गाडी धरलेली असतानाच कळेल, थंड झाल्यावर नाही. आधी लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हरच बाजूला करा. चाक सुटलं तर लिव्हर दोषी. तुमच्या कंसातल्या दिवाळीवर माझा पहिला संशय आहे. नाही सुटलं तर होजचा (ऑइलच्या रबरी नळीचा) मास्टर सिलेंडरकडचा बोल्ट फडकं गुंडाळून किंचित सैल करा. तिथे सुटलं तर मास्टर सिलेंडर. तिथेही नाही, पण कॅलिपरचं निपल (हवा काढायची तोटी) उघडल्यावर सुटलं, तर होज आतून फुगलाय. निपल उघडूनही नाही सुटलं, तर मी चूक आणि कॅलिपर खोला. बोल्ट किंवा निपल उघडलं तर पुन्हा हवा काढावी लागेल. ऑइल टाकीवर सांडू देऊ नका, रंग खातं.

खिचडी_कढी: ते पेट्रोलने धुणं कुठल्या शास्त्रात बसतं? ब्रेकची रबरं पेट्रोल-केरोसीनने फुगतात. धुवायचं तर ब्रेक ऑइलनेच. बाकी फिटरकाकांशी सहमत.

मूळ धागाकर्ता: काका, साष्टांग नमस्कार! काल संध्याकाळी मुद्दाम रावपुऱ्यातून सिग्नल खात, दांडिया बाजारच्या पुलावरून घरी आलो. गेटपाशी चाक पक्कं धरलेलं. भावाला कॅरियरवर बसवलं, पान्याने लिव्हरचा बोल्ट काढला आणि लिव्हर ओढून बाहेर घेतला. आत पिस्टन 'टक्' करून बाहेर सरकला आणि मी हात लावायच्या आधी चाक आपणहून पाव फेरा फिरलं. भाऊ म्हणाला, परत कर.

मोडलेला जुना लिव्हर खोक्यात होता (आईच्या मते मी भंगारवाला आहे). दोन्ही शेजारी ठेवले. पिस्टनला टेकतं ते नाक नव्या लिव्हरचं नखाच्या जाडीइतकं पुढे आहे. घासून कमी करू का?

जुना_फिटर: कानशीला हात लावू नका. ब्रेकच्या लिव्हरवर प्रयोग नकोत. ओरिजिनल आणा. बसवल्यावर पिस्टनला टेकायच्या आधी तो थोडा मोकळा हलला पाहिजे, एवढं बघा.

मूळ धागाकर्ता: आणला, बसवला, हलतो. त्याच रस्त्याने पुन्हा जाऊन आलो. गेटपाशी डिस्कवर पाणी ओतलं, नुसतं ओघळून गेलं. पेट्रोल प्यायलेली सील मात्र मंगळवारच्या तपासणीआधी बदलतोय. या वेळी मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहून.