मदत हवी आहे : करवती काठाचा लोगो आणि प्रदर्शनाची वेबसाइट

नमस्कार मंडळी. मी मोहाडी तालुक्यातला, जि. भंडारा. दिवाळीनंतर मंडईच्या (आमच्याकडच्या गावजत्रेच्या) दिवसांत आम्ही गावात विणकामाच्या डिझाइनचं प्रदर्शन भरवतोय. त्याची ओळख, म्हणजे लोगो, रंग, पोस्टर आणि छोटी वेबसाइट, माझ्याकडे आहे.

लोगो कोशाच्या (टसर रेशमाच्या) करवती साडीवरून घेतलाय. तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या साधनांनी) विणलेला तो काठ, करवतीच्या दात्यांसारखा. माझ्या आजीच्या साडीचा काठ खिडकीजवळ धरून मी एकेक दाता कागदावर उतरवला. पोस्टरवर सुरेख दिसतो, पण मोबाइलवर बारीक केला की नुसती जाड रेघ! दाते कमी केले तर विणकरकाका म्हणतात, "हा आपला काठ नाही बाबू." मला त्यांचं पटतं. लहान आकारासाठी एकाच दात्याचं वेगळं चिन्ह करावं का?

दुसरं, अक्षरासाठी 'मुक्ता' हा फॉन्ट घेतलाय. फ्लेक्सवाल्याकडे फाइल उघडली की 'प्रदर्शन'मधला रफार सुटतो. अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत, जे पुन्हा टाइप करून बदलता येत नाहीत) बदलून दिली तर चालेल ना? मग ऐनवेळी तारीख कशी बदलायची?

गावात नेटवर्क एकच कांडी असतं, म्हणून साइट एकाच पानाची ठेवतोय. साड्यांचे फोटो किती केबीपर्यंत आणले तर पोत टिकेल? कुणी केलं असेल तर नक्की सांगा.