नील्स यूल आणि क्योगेची लढाई (फॅमिली ग्रुपवरून)

ताई: नाना, इथे कोपनहेगनला होल्मेन्स कनालवर नील्स यूल नावाच्या आरमारप्रमुखाचा पुतळा आहे. कोण हो हा?

नाना: डेन्मार्कचा सतराव्या शतकातला सगळ्यात मोठा दर्यावर्दी, माझं तर ठाम मत आहे. लढणं शिकला डचांकडे, मार्टेन ट्रॉम्प आणि द रॉयटरच्या हाताखाली. १६५६ ला घरी परतला. स्वीडिशांनी कोपनहेगनला वेढा दिला तेव्हा शहर राखणाऱ्यांत तोही होता.

दादा: स्वीडनचं ‘क्रोनान’ हे युद्धजहाज यानेच बुडवलं ना?

नाना: नाही रे. ते पुढच्या डेन्मार्क-स्वीडन युद्धात, स्वीडनच्या एलांड बेटाजवळ, १ जून १६७६. तोफांनी नव्हे, भरल्या शिडांनी वळताना कललं, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं आणि दारूचा स्फोट झाला. आठशेच्या आसपास माणसं, वाचली चाळीसेक! त्या दिवशी डॅनिश आरमाराचा प्रमुख होता मार्टेनचाच मुलगा कॉर्नेलिस ट्रॉम्प. महिन्याभरापूर्वी यूलने गॉटलंड बेट घेतलं होतं, तरी त्याच्या डोक्यावर बाहेरचा माणूस बसवला. मला हे फार लागतं.

माई: मग त्याचं नाव कशाने झालं?

नाना: क्योगे उपसागर, १ जुलै १६७७. ट्रॉम्प डच जहाजं आणायला गेलेला. यूलकडे जहाजं कमी, पण तो ट्रॉम्पसाठी थांबला नाही. स्वीडिशांचं ‘ड्राकेन’ स्टेव्हन्सपाशी गाळात रुतलं, ते वाचवायला त्यांची काही जहाजं मागे राहिली. यूलने तिकडे एक तुकडी धाडली आणि स्वतः त्यांची रांग फोडून मधून घुसला. त्याचं जहाज इतकं झोडपलं गेलं की निशाण दुसऱ्या जहाजावर हलवावं लागलं. स्वीडिश प्रमुख हॉर्न जमिनीवरचा सेनानी होता. समुद्र ओळखणारा आणि न ओळखणारा यांतला फरक तिथे दिसला. ट्रॉम्प पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

माई: १६७७ म्हणजे महाराज दक्षिण दिग्विजयावर!

नाना: अगदी. आणि डॅनिशांची वखार तरंगमबाडीला, तंजावरच्या मुलखात. तिथे नुकतंच एकोजीराजांचं राज्य आलं होतं.

दादा: एवढं जिंकून डेन्मार्कला मिळालं काय?

नाना: समुद्र हाती राहिला, म्हणून स्कोन, म्हणजे आजच्या दक्षिण स्वीडनमधल्या प्रांतात लढणाऱ्या डॅनिश सैन्याला रसद पोचत राहिली. पण १६७९ च्या तहात फ्रान्सच्या चौदाव्या लुईने स्वीडनची बाजू धरली. स्कोन गेलं, आणि यूलने घेतलेलं गॉटलंडही परत द्यावं लागलं.