उंदरांची साखर उतरली, म्हणून माणसांनी गोळ्या सोडायच्या?

चौकस: 'गुडमारच्या अर्काने मधुमेही उंदरांची साखर निम्म्यावर, आता मेटफॉर्मिन हवंच कशाला?' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. (गुडमार ही औषधी वेल, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी.) ते उंदीर मधुमेही झाले कसे? स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारल्या. माणसांतल्या नेहमीच्या, टाइप २ मधुमेहात शरीर आधी इन्सुलिनला दाद देईनासं होतं. हा आजारच वेगळा! शिवाय अर्क पाण्यातला की अल्कोहोलमधला, त्यात जिम्नेमिक आम्लं (गुडमारमधले मुख्य घटक) किती, काहीच लिहिलेलं नाही. पुढच्या बॅचमध्ये तेच उतरेल कशावरून? माणसांवर, तुलनेच्या गटासह, निदान तीन महिने चाचणी करा आणि एचबीए१सी, म्हणजे लाल पेशींत नोंदली गेलेली दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, दाखवा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, दोन आठवड्यांच्या उपाशीपोटी साखरेवर मला काही सांगू नका.

रानवाट: मेटफॉर्मिन काय आकाशातून पडलं? गॅलेगा या वनस्पतीतल्या गॅलेजीनवरून त्याचा माग लागला. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं फ्लोरिझिन १८३५ मध्ये वेगळं काढलं, आजची ग्लिफ्लोझिन, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं, त्याच घराण्यातली. आणि चाचणीचा खर्च कोण करणार? झाडावर पेटंट मिळत नाही, म्हणून कंपन्या हात लावत नाहीत. मग 'पुरावा नाही' म्हणत आम्हालाच झोडपायचं.

चौकस: गॅलेजीन विषारी ठरलं. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनलं आणि मधुमेहींवरचा वापर जाहीर झाला १९५७ मध्ये. फ्लोरिझिन आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, म्हणून तेही बदलावं लागलं. झाडाने वाट दाखवली, पण रोग्याला अर्क पाजून कोणी मोकळं झालं नाही.

सुईदोरा: तुमचं चालू द्या, मला भेसळीबद्दल बोलायचंय. सासरे 'शुद्ध वनस्पतीजन्य' भुकटी घेत होते. साखर झपाझप उतरली, घरात सगळे खूश. एका पहाटे घामाने चिंब, जीभ अडखळतेय, साखर ४२. भुकटी तपासून घेतली तर त्यात ग्लिबेनक्लामाइड, साखर उतरवायचं डॉक्टरी औषध! डब्यावर अक्षर नाही.

रानवाट: वाईट झालं. पण भेसळ करणाऱ्याचं पाप झाडाच्या माथी का? माझी आई कारल्याचा रस घेते, साखर आटोक्यात आहे.

काटेकोर: त्याच काळात चालायला लागल्या असतील, वजन उतरलं असेल. कारल्यावरच्या चाचण्यांचा २०१२ चा कॉक्रेन (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) आढावा वाचा. जेमतेम चार चाचण्या, निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा नाही.

रानवाट: माझ्या आईला ओळखता का तुम्ही? घरच्यांवर यायचं काम नाही.

सुईदोरा: आईचा विषय तुम्हीच काढलात! आणि भेसळ बाजूला सारू नका. अर्काने साखर फार लवकर उतरली, तर आधी त्यात सल्फोनिलयुरिया, म्हणजे ग्लिबेनक्लामाइडच्या गटातली औषधं, शोधा. यकृत, मूत्रपिंड तपासा. मग झाडाचं कौतुक. आम्ही ती पहाट काढलीय.

काटेकोर: इथे सहमत. चाचणीला घ्यायची प्रत्येक बॅच आधी तपासलेली हवी.

रानवाट: बरं, तपासा. गटही पाडा. गोळ्या बंद करा असं मी कधीच म्हटलं नव्हतं. चालू मेटफॉर्मिनवर एका गटाला अर्क, दुसऱ्याला औषध नसलेली, नुसती दिखाऊ भुकटी द्या. पण सार्वजनिक पैशाने करा, आणि गुण दिसला तर 'झाडपाला' म्हणून हिणवणं थांबवा.

चौकस: थांबवतो. गुण नाही दिसला तर तेही छापायचं, हे चाचणीआधी नोंदवा.

रानवाट: नोंदवू. पण गुडमार जिभेवर ठेवलं की काही वेळ गोड लागतच नाही. कोणाला खरं मिळालं ते पहिल्याच दिवशी कळेल, त्याचं काय?

चौकस: कॅप्सूलमध्ये भरा. दोन्ही गटांना.