रेझिन महागलं, ५४ मिमीच्या गारद्याचा भाव किती वाढवू?

लातूरचा_गारदी
नमस्कार मंडळी. मी लातूरला घरच्या घरी ५४ मिमी उंचीचे मराठे सैनिक छापतो, रेझिन प्रिंटरवर (त्यात पातळ रेझिन उजेडानं थराथरानं घट्ट होतं). न रंगवलेला नग ३५०, रंगवलेला ८५०. गेल्या वर्षी रेझिनची किलोची बाटली १,६५० ला यायची, आता तीच २,१५० ला. आयपीए (छापलेले नग धुवायचं अल्कोहोल) महागलं, कुरिअरवाल्यानंही वाढवलं.

श्रावणात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला फोनवर ३५० चा भाव बोलून बसलो. त्यांना उदगीरच्या लढाईचा (फेब्रुवारी १७६०) देखावा करायचाय, ४० नग पाहिजेत, त्यातले निम्मे इब्राहिमखानाचे गारदी (कवायती बंदूकवाले). आता ते म्हणतात पाठवा. मी हिशोब करायलो तर हातात काही उरतच नाही. सपोर्टसकट (छापताना नगाला लागणाऱ्या आधाराच्या काड्या) एका नगाला २२ ग्रॅम रेझिन जातं. भाव ४०० करू का? का जुन्याच भावात देऊन टाकू? बायको म्हणते, "हौस आहे का धंदा, ते एकदा ठरवा."

चिखलठाण्याचा_टर्नर
आधी पाटी-पेन्सिल घे. २२ ग्रॅम म्हणजे पूर्वी ३६ रुपये, आता ४७. नगामागं ११ रुपये, ४० नगांचे ४४०. एवढ्यानं कुणी बुडत नाही. स्क्रीनची झीज धरली तरी नगाला दोन रुपये होत नाहीत. तुझं दुखणं रेझिनच्या भावात नाही. प्लेटी (एका वेळी छापलेले घाणे) किती खराब झाल्या, ते सांग.

लातूरचा_गारदी
काका, तो हिशोब कधी ठेवला नव्हता. मोबाइलमधले फोटो बघून मोजलं. दोन महिन्यांत १९ प्लेटी लावल्या, प्रत्येकीत सहा नग. पाच गेल्या. तीन लाईट गेल्यामुळं, दोन रेझिनच्या ट्रेच्या तळाची फिल्म फाटल्यामुळं. आमच्या गल्लीत दुपारी लाईट कधी जाईल नेम नाही. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो पंख्याला आणि टीव्हीला.

चिखलठाण्याचा_टर्नर
मग बरोबर. आता सविस्तर लिहितो, जेवण झालंय.

मी नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी धातूचे सैनिक ओतायचो, २८ मिमीचे. मिश्रधातूत मुख्यतः कथील, थोडं अँटिमनी. शिसं स्वस्त, पण लेकरांच्या हातात जाणाऱ्या वस्तूत मी कधी घातलं नाही. एक नग साधारण १५ ग्रॅमचा. २०२१ च्या संक्रांतीला एकाला २०० नगांचा भाव बोललो. कोरोनात काम रखडलं, माल द्यायला २०२२ चा मार्च उजाडला. तोवर लंडनच्या धातूबाजारात कथील टनाला ५०,००० डॉलरच्या जवळ गेलं होतं, मी बोललो तेव्हाच्या दुपटीच्याही वर. तीन किलो धातूमागं साडेपाच हजार माझ्या खिशातून गेले. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑक्टोबरात कथील २०,००० च्या खाली आलं. पण मी तोवर विकून मोकळा!

तरीही धातूचं एक सुख होतं. हात तुटका निघाला, चेहरा भरला नाही, की नग परत कढईत. २३२ अंशाला कथील वितळतं, घरच्या शेगडीवर काम होतं. बिघडलं तर माझी मेहनत जायची, माल जात नव्हता. तुझ्या रेझिनचं उलटं आहे. एकदा घट्ट झालं की ते पुन्हा पातळ होत नाही, थेट कचरा. म्हणून धातूवाल्यानं बाजारभावाकडं बघावं आणि रेझिनवाल्यानं लाईटीच्या डब्याकडं.

भाव सोनारासारखा लाव. सोनार सोन्याचा भाव वेगळा सांगतो, घट वेगळी, घडणावळ वेगळी. तू तिन्ही एकात कालवून ३५० म्हणतोस आणि मग कुठं गळतंय ते कळत नाही. १९ पैकी १४ चांगल्या निघाल्या. लाईट गेली तर अर्धंच रेझिन वाया जातं हे खरं, पण पुन्हा छापायला साडेतीन तास पूर्ण लागतात, कारण वेळ उंचीवर ठरतो, प्लेटीत एक नग असो की सहा. वर सपोर्ट तोडणं, धुणं, घासणं. गारद्याच्या बंदुकीचा सपोर्ट तोडताना संगीन किती वेळा मोडली, तेही मोज. संगीन मोडली की नग गेला.

एक आणखी. "कच्चा माल स्वस्त झाला की वस्तू स्वस्त होते" हे या धंद्यात होत नाही. गेम्स वर्कशॉप ही असले छोटे सैनिक बनवणारी इंग्लंडची मोठी कंपनी २०११ ला धातू सोडून रेझिनवर आली, किमती काही खाली आल्या नाहीत. लोक ग्रॅमाला पैसे देत नाहीत, चेहऱ्याला देतात. म्हणून पुण्याच्या गिऱ्हाइकाला ४०० सांग, रेझिनचं कारण देऊ नको.

नांदेडची_मावळेवाली
काका, बाकी सगळं पटलं, शेवटचं नाही. फोनवर बोललेला भाव म्हणजे बोललेला. ४० नगांच्या ऑर्डरवर ५० वाढवले तर दोन हजार मिळतील, आणि गिऱ्हाईक जाईल. पुढच्या वेळी कोटेशनला पंधरा दिवसांची मुदत घालायची आणि निम्मे पैसे आधी घ्यायचे. दादा, त्या पैशात त्याच दिवशी रेझिन घेऊन ठेवा.

मी दिवाळीच्या किल्ल्यांसाठी प्लास्टरचे मावळे करते, २० रुपयाला एक. त्यात २३ कोण देणार? लेकरू २० ची नोट घेऊन येतं. म्हणून रंग महागला तेव्हा मी भाव नाही वाढवला. आधी घोडेस्वार एकत्र विकायचे, आता घोडा वेगळा, स्वार वेगळा. स्वार घेतला की घोड्यासाठी लेकरू आईला परत ओढत आणतंच. तुमच्याकडं निशाण, तोफ, पाया असलं काही असेल तर तसं वेगळं काढा.

चिखलठाण्याचा_टर्नर
ताई, तुमच्या घोड्यापुढं माझी सोनारकी फिकी पडली. बरं, या खेपेला ३५०. पण निम्मे आधी घे रे बाबा.

लातूरचा_गारदी
ठरलं. ४० नग ३५० नं, सात हजार आधी मागितले, त्यांनी लगेच पाठवले, काही बोललेसुद्धा नाहीत. इतके दिवस मी उगीच लाजत होतो. नवीन भाव ४२० आणि तोफ वेगळी. त्या पैशातून प्रिंटरसाठी छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतोय. जागा फक्त जिन्याखाली आहे, तिथं आयपीएचे दोन डबे ठेवलेत, त्याच्या शेजारीच मावेल.

चिखलठाण्याचा_टर्नर
अजिबात नाही! आयपीएची वाफ ठिणगीनं पेटते, आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आधी डबे गच्चीवर सावलीत हलव, झाकणं घट्ट लाव, मग बॅटरी आण. हलवलेस की इथं लिही.

लातूरचा_गारदी
हलवले काका. बायकोनंच उचलले, म्हणाली हे कधीच व्हायला पाहिजे होतं.