इम्प्लांटनंतर आईला आवाज येतो, शब्द कळत नाहीत

देवगडची लेक:
आईचं वय 71. उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने आत बसवलेलं, कानाच्या नसेला थेट संकेत देणारं यंत्र), स्विच-ऑन म्हणजे ते पहिल्यांदा चालू होऊन सहा आठवडे झाले. डाव्या कानाला श्रवणयंत्र आहेच. कुकरची शिटी, एसटीचा हॉर्न ऐकू येतो. बोलणं मात्र घुमल्यासारखं, चिरक्या आवाजात येतं म्हणते. तोंडाकडे बघून कळतं, पाठ फिरवली की नाही. पुढचं मॅपिंग (इम्प्लांटची आईच्या ऐकण्याप्रमाणे जुळवणी) तीन आठवड्यांनी कोल्हापूरला. तोवर घरी काय करून घ्यावं?

कुडाळ_ऑडिओ:
ताई, सहाव्या आठवड्यात हे नेहमीचंच आहे. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात. इम्प्लांटमध्ये ते काम कंपनीप्रमाणे 12 ते 22 इलेक्ट्रोडवर (नसेला विजेचे संकेत देणाऱ्या टोकांवर) भागवायचं असतं. मेंदूला हे नव्याने शिकावं लागतं. मोठा फरक बहुधा पहिल्या 3 ते 6 महिन्यांत पडतो, पुढेही वर्षभर थोडाथोडा पडत राहतो. नुसत्या वयाने घाबरू नका. तो कान किती वर्षं बंद होता, याला जास्त महत्त्व.

रोज दोनदा 20 मिनिटं, डावं यंत्र काढून, फक्त इम्प्लांटवर सराव. एरवी दोन्ही लावूनच ठेवा. पंखा-टीव्ही बंद, उजव्या बाजूला हातभर अंतरावर बसा. तोंडावर हात धरू नका, ‘स’ आणि ‘श’ दबतात. आधी लांबीने वेगळे शब्द कागदावर लिहा: भात, चहा, बांगडा, सोलकढी. एक म्हणा, आईने बोट ठेवायचं. दहातले आठ बरोबर आले की ताट-दाट, काल-गाल. पान-कान-तान सगळ्यांत शेवटी. तिथला फरक क्षणभराचा असतो. मग यादीशिवाय वाक्यं. चुकलं तर एकदा तसंच म्हणा, मग शब्द बदलून, मग लिहून दाखवा आणि पुन्हा ऐकवा. हा शेवटचा टप्पा लोक गाळतात, खरं शिकणं तिथेच होतं.

ओरडू मात्र नका. आवाज फार मोठा झाला की प्रोसेसर (इम्प्लांटचा बाहेर लावायचा भाग) तो दाबून टाकतो, त्यात शब्द आणखी बिघडतात.

खाडीपलीकडे:
सरावाच्या आधी मशीन तपासा. रोज सकाळी आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी आईच्या मागून म्हणा. काल येणारे ‘श’, ‘स’ आज गेले, तर माइकचं कव्हर बदलून बघा. पावसाळ्यात ते ओलाव्याने आणि धुळीने बुजतं. रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये (ओलावा शोषणाऱ्या डबीत). झिंक-एअरच्या (हवेवर चालणाऱ्या) बॅटऱ्या त्यात ठेवू नका, सुकून लवकर संपतात. नवीन बॅटरीचा स्टिकर काढल्यावर काही मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा.

गणपतीत घर भरलं की आईची पाठ गोंगाटाकडे आणि बोलणारा समोर, असं बसवा. कोबा आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात. सतरंज्या अंथरा, जाड पडदे लावा.

कुडाळ_ऑडिओ:
मॅपिंगला जाताना कोणते शब्द कशाशी गोंधळतात, ती वही न्या. त्यावरून ऑडिओलॉजिस्टला नेमकं कुठे बदलायचं ते कळतं. प्रोसेसर रोज किती तास लावला, हे प्रोसेसरमध्येच आपोआप नोंदलेलं असतं. दहा तासांच्या खाली असेल तर आधी ते वाढवा. मोठ्या आवाजाला डोळा किंवा गाल फडफडत असेल तर जरूर सांगा, तो इलेक्ट्रोड कमी किंवा बंद करता येतो. प्रोसेसर डोक्याला धरून ठेवणाऱ्या चुंबकाखालची कातडी लाल झाली असेल किंवा दुखत असेल, तर तीन आठवडे थांबू नका, लगेच फोन करा.