कार्ड निघालं, पण बायांच्या तपासणीचं काय?

परळीवाली: परवा आमच्याकडं आयुष्मान कार्डाचा कॅम्प झाला, बायांची ही गर्दी, अन् सगळ्या म्हणायल्यात आता ५ लाखाचं कार्ड हाय, काळजी मिटली. माझ्या जावेकडं पण कार्ड होतं. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, तरी अंगावरून लाल जायचं, तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नाही. निघाला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. किमोला, शेकायला (रेडिएशनला) एक रुपया लागला नाही हे खरं हाय, राज्याच्या महात्मा फुले योजनेतून झालं. पण त्याच्या आधीची सोनोग्राफी, तुकडा तपासणं, जिल्ह्याच्या खेपा, सगळं घरचं गेलं, कारण उपचाराला मंजुरी मिळेस्तोवर कार्ड चालत नाही. माझं म्हणणं, किमो कार्डावर बसते तर ३० च्या पुढच्या बाईची कॅन्सरची तपासणी पण बसवा, खाजगीत सुद्धा.

उदगीरकर: ताई, वाचून वाईट वाटलं, पण मागणी चुकीची हाय. तपासणी फुकटच हाय की. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचे पण पैसे नाहीत. अन् खाजगीला तपासणीचे पैसे द्यायचे म्हणता, बीड विसरलात का? २०१९ ला विधिमंडळात सांगितलेला आकडा हाय, त्या जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या. कित्येकींना कॅन्सर होईल म्हणून भीती घातली होती. तपासणीच्या नावानं बाई आत घ्यायची अन् पिशवी काढून बाहेर पाठवायची, त्यालाच तुम्ही पैसे लावायलात.

परळीवाली: पिशवीचं मला काय सांगायलात दादा, आमच्या गल्लीत पस्तिशीच्या आतल्या तिघी हायेत. त्या खाजगीत कामून गेल्या? घातलेली भीती खरी का खोटी हे विचारायला जवळ दुसरं कुणीच नव्हतं म्हणून.

केजची आशा: दोघं पण बरोबर बोलायलेत पण गावात काय होतं ते ऐका. आम्ही घरोघर फॉर्म भरतो, तोंडाचा, स्तनाचा अन् गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असं तिन्हीचं विचारतो. गर्भाशयाच्या तोंडाची व्हीआयए तपासणी लई साधी हाय, तिथं ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढं पाठवायचं. पण खोलीला धड पडदा नाही, बाहेर ओळखीची माणसं बसलेली, बाई कशी झोपंल टेबलावर? अन् दसरा-दिवाळी झाली की निम्म्या बाया कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला. तिकडं एक दिवस दवाखान्यात गेलं की खाडा, मुकादम पैसे कापतो. डाग उठलेली बाई मार्चपर्यंत मला परत सापडत नाही.

जिंतूरकर: कार्डाचंच बोलायचं तर नव्या सुनांचे हाल बघा. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी झालं, सासरच्यात अजून चढलं नाही, आधारवर आडनाव जुनंच. २०२३ च्या निर्णयात पांढऱ्या रेशनकार्डवाले पण योजनेत घेतले, चांगलं झालं, पण ही पोरगी कोणत्याच कार्डात नाही अन् पहिलं बाळंतपण नेमकं त्याच वर्षात. नाव कमी केल्याचा दाखला घेऊन आधी तहसीलला नाव चढवा, मग ई-केवायसी करा, नुसतं कॅम्पच्या रांगेत उभं राहून काही होत नाही.

उदगीरकर: केजच्या ताईंचंच धरून सांगतो. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात, १९९९ ला अभ्यास सुरू झाला, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल अन् मुंबईचं टाटा त्यात होतं. गावांचे ५२ गट, १,३१,७४६ बाया. ज्या गटात एकदाच एचपीव्हीची, म्हंजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी केली तिथं पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न केलेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे झाले. कुणाच्या हातात कार्ड नव्हतं, माणसं गावापर्यंत गेली म्हणून झालं. पैसा तिकडं लावा.

परळीवाली: हे मला माहीत नव्हतं. बरं, खाजगीचं मागं घेते. पण डाग उठल्यावर जिल्ह्याला जायचं भाडं अन् बुडालेली मजुरी कार्डातून मिळालीच पाहिजे, त्याच्यावरून हलणार नाही. मंजुरीच्या आधीचा तुकडा तपासायचा खर्च पण.

उदगीरकर: भाडं-मजुरीला माझा पाठिंबा. तुकडा सरकारीतच तपासा.

परळीवाली: सरकारीत तारीख किती दिवसांची मिळते ते आधी बघू. जावेची पोरगी ३१ ची हाय, कारखान्याला जायच्या आत सोमवारी तिला ग्रामीण रुग्णालयात न्यायलेय. केजच्या ताई, पाळी चालू असली तर चालतं का?

केजची आशा: नाही, पाळी संपल्यावर न्या. अन् सकाळी लवकर, नर्सबाईला आदल्या दिवशी फोन करून.