स्वप्नाला ‘अर्थ’ असतो की ‘फळ’? (आणि दृष्टांत म्हणजे नक्की काय)

चौकस_चावडी:
आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं की तिला देवीचा दृष्टांत झाला, त्यावर मी आपलं सहज लिहिलं की मलाही काल भन्नाट स्वप्न पडलं, तर बाई भडकल्याच, म्हणे स्वप्न वेगळं आणि दृष्टांत वेगळा. आता मला दृष्टांत माहितीये तो मराठी व्याकरणातला, ‘लहानपण देगा देवा’ वाला अलंकार. तर दोन प्रश्न. एक, हा दृष्टांत स्वप्नात कसा काय घुसला. दोन, स्वप्नांना खरंच काही अर्थ असतो का, की सगळा मेंदूचा कचरा? सिरियसली विचारतोय.

पावटा:
आधी आत्याला फोन कर, मग शब्दचर्चा कर.

गावठी_व्याकरण:
फरक क्रियापदात बघ. स्वप्न ‘पडतं’. पाऊस पडतो, विसर पडतो, भूल पडते, प्रश्न पडतो तसंच, म्हणजे आपण काही करत नाही, येतं ते येतं. दृष्टांत ‘होतो’ किंवा देव ‘देतो’, म्हणजे पलीकडे देणारा कुणीतरी आहे आणि त्याला काहीतरी सांगायचंय. मंदिर बांध, मूर्ती अमक्या जागी पुरलेली आहे ती काढ, नवस फेड वगैरे. मामाच्या लग्नात आपण चड्डीवर उभे आहोत हे कितीही स्पष्ट दिसलं तरी त्याला कुणी दृष्टांत म्हणत नाही.
आणि हल्ली ‘स्वप्न बघणे’ आहे ते तिसरंच, फ्लॅटचं स्वप्न बघतात, ते टक्क जागेपणी ईएमआयचा हिशोब करत.
आमच्या गावाकडे ‘सपान पडलं’ म्हणतात, तिथेही पडलंच.

टीपकागद:
दृष्टांत मूळचा न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातला शब्द, वादात मुद्दा पटवायला दोन्ही बाजूंना मान्य असलेलं उदाहरण द्यायचं तो दृष्टांत. महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ आहे ना, चक्रधरांनी सांगितलेले 114 दृष्टांत केशिराजांनी म्हणजे केसोबासांनी एकत्र केले, त्यात स्वप्नाबिप्नाचा संबंध नाही, सगळ्या छोट्या छोट्या गोष्टी, पुढे त्यावरून तत्त्व सांगितलेलं. अलंकारातलाही हाच. तेव्हा चावडी, तुझा शाळेतला दृष्टांत हाच जुना आहे, आत्यांचा त्याच्या शेजारी नंतर येऊन बसला. पण आत्यांचा चुकीचा म्हणू नका कुणी, बोलीत पक्का रुळलेला आहे.

बाकी स्वप्न आणि दृष्टांत अशी कडक फाळणी संतांनी तरी केलेली दिसत नाही. तुकोबांना गुरुमंत्र स्वप्नात मिळाला, त्याच्या अभंगात ते बाबाजींचं नाव सांगतात, माघ शुद्ध दशमी, गुरुवार असा दिवससुद्धा सांगतात आणि शब्द सरळ ‘स्वप्नामाजी’ असा वापरतात. त्यात एक मजेची ओळ आहे, गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ‘पडिला विसर स्वप्नामाजी’. मला ही ओळ फार आवडते. आयुष्य बदलून टाकणारा प्रसंग सांगतोय माणूस आणि त्यात तुपाचा विसर पडल्याचं नमूद करतोय, स्वप्न अस्संच असतं, मध्येच काहीतरी निसटतं. नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कविता कर म्हणाले तेही स्वप्नातच.

दुपारची_डुलकी:
दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण मला वाटतं घोळ ‘अर्थ’ या शब्दाचाच आहे.

आपल्याकडे जुनी माणसं स्वप्नाचा अर्थ विचारायचीच नाहीत, फळ विचारायची. पंचांगातली, जुन्या पोथ्यांमधली प्रकरणं ‘स्वप्नफल’ नावाची असतात. दात पडला तर घरात कुणीतरी जाणार, कुणी मेलेलं दिसलं तर उलट त्याचं आयुष्य वाढतं, पहाटेचं स्वप्न खरं होतं. सगळं पुढे काय होणार याचं. आणि अर्थ म्हणतो तेव्हा आपण मागे बघत असतो, हे माझ्या डोक्यात आलं कुठून. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात, मग वाद.

चरकसंहितेत इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक, दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, मनापासून हवं असलेलं, कल्पनेनं रचलेलं, पुढचं सुचवणारं आणि वातपित्तकफ बिघडल्यामुळे पडलेलं. आणि पुढे वैद्याला सांगितलंय की यातले पहिले पाच अफल समजायचे. फळ नाही! म्हणजे सातातले पाच तिथल्या तिथे बाद. फार लांबलेलं किंवा फार तोकडं स्वप्नही बाद. उरलेल्यांत मात्र चरक एकदम गंभीर होतो, कुत्रे, उंट नाहीतर गाढवं यांच्यासोबत दक्षिणेकडे चाललोय असं दिसलं तर यक्ष्म्याने (क्षयाने) मरण, असं लिहिलंय. आता दक्षिण म्हणजे यमाची दिशा, त्यामुळे रामायणात त्रिजटा राक्षसीला स्वप्नात रावण गाढवांच्या रथातून दक्षिणेला जाताना दिसतो ते ऐकणाऱ्याला लगेच कळायचं. या भागाला मी आज काडीची किंमत देत नाही, पण पहिल्या पाचांची यादी करणारा माणूस डोळे उघडे ठेवून बघत होता एवढं नक्की.

आता त्या यादीतलं ‘प्रार्थित’ बघा. मनात इच्छा आहे म्हणून दिसलं. मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडने 1899 मध्ये स्वप्नांवर जे पुस्तक काढलं (आत वर्ष 1900 छापलंय) त्याचा गाभा हाच, स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, फक्त इच्छा वेष बदलून येते. म्हणजे फ्रॉइडला जिथे सगळ्यात जास्त अर्थ दिसला तोच प्रकार चरकाने निष्फळ म्हणून बाजूला काढला. आणि गंमत म्हणजे दोघांचं भांडण नाहीये, कारण एक अर्थाबद्दल बोलतोय, एक फळाबद्दल! ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण पण नीट ऐका, ती कुठून आलं एवढंच सांगते, पुढे काय होणार यावर एक अक्षर नाही.

पावटा:
डुलकी ताई _/\_ पण मग मेंदूचा कचरावाले काय म्हणतात? आणि पहाटेचं का खरं होतं, ते सांगा कुणीतरी, माझी आजी शपथेवर सांगायची

न्यूरॉन_नाना:
पहाटेचं सोपं आहे. झोपेत साधारण दर 90 मिनिटांनी रेम झोप येते, डोळे बंद पापण्यांच्या आत भराभर हलतात ती, 1953 मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमननी ती नोंदवली. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं जास्त करून तिच्यात पडतात. रात्र सरते तशी ही रेमची पाळी लांबत जाते, पहाटे सगळ्यात लांब, आणि त्यातूनच थेट जाग आली की स्वप्न लक्षात राहतं. मग लक्षात राहिलेल्या शंभरातलं एखादं जुळतं आणि आजी तेच सांगते. रात्री अकराचं स्वप्न खरं ठरलं असतं तरी आठवणार कुणाला.

कचऱ्याबद्दल. 1977 मध्ये हार्वर्डच्या हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी मांडलं की मेंदूच्या बुडख्यातून झोपेत अंदाधुंद संदेश वर जातात आणि वरचा मेंदू त्यातून कशीबशी गोष्ट जुळवतो. पुढे यावर बरेच आक्षेप आले, आणि ‘कचरा’ हेही फार ढोबळ झालं, कारण जुळवायला माल तुमचाच लागतो, तुमचा मामा, तुमची परीक्षा, तुमची चड्डी.

गावठी_व्याकरण:
नाना, तुम्ही म्हणता ते मराठीत आधीच आहे बघा. आपण अर्थ ‘लावतो’. तर्क लावतो, अंदाज लावतो, तसा स्वप्नाचा अर्थ लावायचा, तो सापडतो असं कुणी म्हणत नाही. दृष्टांताचा मात्र अर्थ लावावा लागत नाही, देव स्वच्छ सांगतो ना, तिथे जा खण म्हणून.

माडाखाली:
स्वच्छ कुठला! आमच्या कोकणात स्वप्नात देव आला तरी मंडळी आधी देवळात जाऊन कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, नि बसायचं बघत उजवी पडते की डावी. उजवी पडली तर होय. गोव्यात ‘प्रसाद’ घेतात तो हाच प्रकार. कधी अर्धा तास काही पडत नाही नि गुरव घामाघूम. म्हणजे दृष्टांतालाही आम्ही नुसता ठेवून घेत नाही, क्रॉसचेक करतो.

टीपकागद:
जाता जाता, डुलकी यांच्या नावावरून आठवलं. आयुर्वेदात ‘दिवास्वप्न’ म्हणजे दिवसा झोपणं, कारण स्वप् धातू झोपेचा, संस्कृतात स्वप्न म्हणजे झोपही. तेव्हा वैद्यांनी ‘दिवास्वप्न वर्ज्य’ लिहून दिलं तर ते तुमच्या महत्त्वाकांक्षेवर बोलत नाहीयेत, दुपारी जेवून लवंडू नका म्हणतायत. उन्हाळ्यात मात्र परवानगी आहे.

दुपारची_डुलकी:
उन्हाळाच चालू आहे समजा.